घाट, इस्त्री, आरक्षण : महाराष्ट्रातील परीट समाजाच्या उपजीविकेचा आढावा

परीट हा महाराष्ट्रात कपडे धुण्याचा व्यवसाय परंपरेने करत आलेला समाज. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि कोकणात परीट, विदर्भात वरठी व धोबी, तेलुगू मुलखालगतच्या पट्ट्यात मडेलवार आणि गोव्यात मडवळ अशी त्याची नावे आहेत. उत्तरेकडील धोबी व रजक, कर्नाटकातील मडिवाळ आणि तमिळ प्रदेशातील वण्णार हे याच व्यवसायाचे समाज होत. त्यांची भाषा, सोयरीक आणि आराध्ये मात्र वेगवेगळी आहेत. मडिवाळ समाज बाराव्या शतकातील शरण मडिवाळ माचिदेवांना मानतो, तर महाराष्ट्रातील परीट समाजाचे श्रद्धास्थान संत गाडगेबाबा (1876–1956) आहेत. मुंबईसारख्या शहरात उत्तर प्रदेश, तेलंगण आणि कोकणातून आलेली माणसे एकाच घाटावर शेजारी शेजारी काम करतात आणि बाहेरच्यांच्या लेखी ती सगळीच 'धोबी' असतात. सरकारी याद्यांत तसे नाही. तिथे नाव, जिल्हा आणि राज्य बदलले की दर्जाही बदलतो.

या समाजाच्या उपजीविकेविषयीची चर्चा सध्या तीन अंगांनी चालते. शहरांतील घाटांच्या जागेचे काय होणार, हाताने धुण्याच्या धंद्याला कारागिरी मानून आधार द्यायचा की सेवा-उद्योग मानून त्याचे रूप पालटायचे, आणि समाजाला अनुसूचित जातींत स्थान मिळावे की नाही, हे ते तीन प्रश्न. एकाच घरातील माणसांना हे तिन्ही प्रश्न भेडसावतात, पण त्यांची चर्चा महापालिका, उद्योग खाते आणि सामाजिक न्याय विभाग अशा तीन वेगळ्या दारांशी होते.

गावगाड्यातील जागा

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या ग्रंथापासून पुढे बलुतेदारीच्या बहुतेक याद्यांत परीट बारा बलुतेदारांपैकी एक आहे. बलुतेदारांच्या ओळी किंवा कासा कोणी कशा लावल्या यात फरक आढळतो. तरी परीट सहसा मधल्या ओळीत, कुंभार आणि न्हावी यांच्या जोडीने येतो. सुतार-लोहारांविना शेती अडते म्हणून त्यांचा वाटा मोठा असे, आणि परटाचे काम घरसंसाराचे म्हणून त्याचा वाटा त्याखालोखाल असे. खळ्यावर सुगीत मिळणारे धान्य हे मुख्य बलुते होते. त्याशिवाय सणावाराचे अन्न, जुने कपडे आणि लग्नकार्यातील मानाचे हक्क मिळत. नवरानवरीच्या वाटेवर पायघड्या घालणे हे परटाचे काम होते आणि त्याबद्दल त्याला ठरलेली देणगी मिळे.

या मानाला दुसरी बाजूही होती. बाळंतपण, विटाळ आणि सुतक यांतले कपडे धुवायला परटीणच लागे. घराला शुद्ध करणारी व्यक्ती त्या घराच्या दृष्टीने स्वतः अशुद्ध, असा हा व्यवहार होता. परटाचा घरात वावर होता, त्याने आणून दिलेले धुतलेले वस्त्र मात्र काही सोवळ्याच्या घरांत पुन्हा पाण्यातून काढल्याखेरीज पूजेला चालत नसे. त्याच वेळी अनेक गावांत परीट आणि न्हावी अस्पृश्य मानलेल्या जातींचे काम करत नसत. म्हणजे शिवाशिवीच्या उतरंडीत परीट एकीकडे सोसणारा होता आणि दुसरीकडे पाळणाराही. आरक्षणाच्या आजच्या वादात हीच दुहेरी जागा दोन्ही बाजूंना पुरावा पुरवते.

धुण्याची रीत

हाताने धुणे म्हणजे दगडावर कपडा आपटणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात आपटणे हा अनेक पायऱ्यांतला एक टप्पा आहे. आधी घरोघरीचे कपडे बोचक्यात येतात आणि त्यांवर खूण केली जाते. पूर्वी ही खूण बिब्ब्याच्या रसाने करत. चुन्याच्या संगतीने तो रस काळा पडतो आणि कितीही धुतला तरी जात नाही. प्रत्येक घराची खूण वेगळी, आणि अक्षरओळख नसलेला परीटही शेकडो खुणा लक्षात ठेवी. न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत अनोळखी मृतदेहाची ओळख पटवण्याचे साधन म्हणून या 'धोबी मार्क'चा उल्लेख आजही येतो. बिब्ब्याचा रस कातडीला बाधतो, त्यामुळे अशा कपड्यांनी अंगावर चट्टे उठण्याच्या तक्रारीही वैद्यकीय लेखनात नोंदल्या आहेत.

खुणेनंतर रंगीत आणि पांढरे कपडे वेगळे होतात. पांढऱ्यांना भट्टी लागते. खारवट मातीच्या, पापडखाराच्या किंवा सोड्याच्या पाण्यात कपडे भिजवायचे, मग ते भट्टीवर रचून रात्रभर वाफ द्यायची, आणि सकाळी मळ सुटला की दगडावर काढून दोन-तीन पाण्यांतून खळबळायचे. रेशमी आणि नाजूक वस्त्रांना रिठा. पांढऱ्याला शेवटच्या पाण्यात नीळ, सुती साडी-धोतराला तांदळाची किंवा मैद्याची खळ. घाटावर वाळत घालताना चिमटे वापरत नाहीत. दोन दोऱ्यांना एकमेकींचा पीळ देऊन त्या पिळात कपड्याचे टोक अडकवतात आणि वारा कितीही असला तरी कपडा उडत नाही. शेवटी कोळशाची इस्त्री आणि घडी. मराठीत 'परीटघडीचे कपडे' हा टापटिपीचा मानदंड झाला तो या शेवटच्या हातावर.

या कौशल्याचे नीट दस्तऐवजीकरण फारसे झालेले नाही. वसाहतकाळातील जातिवर्णनांत, म्हणजे मध्यप्रांतासाठी रसेल आणि हिरालाल (1916) व मुंबई इलाख्यासाठी एन्थोवेन (1920–22) यांच्या ग्रंथांत, धोबी-परटांवर टिपणे आहेत. त्यांचा भर मात्र सोयरीक, पोटजाती आणि म्हणींवर आहे. कापडाचा पोत, पाण्याचा जडपणा आणि खाराचे प्रमाण यांविषयी परटाला जे कळत होते ते त्या पानांत सापडत नाही.

कामाची किंमत शरीर मोजते. दिवसाचे कित्येक तास घोटाभर पाण्यात उभे राहणे, कॉस्टिक सोडा आणि ब्लीचिंगचे पाणी उघड्या हातांनी हाताळणे, ओल्या कपड्यांचे ओझे उचलणे यांतून त्वचेचे विकार, कंबरदुखी आणि सांधेदुखी हे नेहमीचे. बायकांचे श्रम यात निम्मे तरी असतात. घरोघरून कपडे आणणे, वाळत घालणे, घड्या करणे आणि बऱ्याच ठिकाणी इस्त्रीही त्यांच्याकडे. घाटावरच्या कट्ट्याचा परवाना किंवा दुकानाचा कागद मात्र बहुधा पुरुषाच्या नावावर असतो.

छावणी, शहर, घाट

इंग्रजी अमदानीत पलटणी, रुग्णालये, रेल्वे आणि साहेबांचे बंगले यांनी धुण्याला रोख पैशाचे गिऱ्हाईक दिले. मुंबईत किल्ल्याबाहेरच्या तळ्यावर कपडे धुतले जात, ते आजचे धोबी तलाव. 1860 मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि पुढच्या काळात जुनी तळी एकेक करून बुजवली गेली. धोबी तलावही त्यात गेले, नाव तेवढे राहिले. सार्वजनिक तळ्यावरून हटलेल्या धुण्याला नगरपालिकेने बांधून दिलेली जागा मिळाली. महालक्ष्मी स्थानकाजवळचा, सात रस्त्याचा धोबीघाट हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आहे. तिथे धुण्याचे 731 कट्टे असल्याचे सांगितले जाते, आणि एकाच ठिकाणी सर्वाधिक माणसे हाताने कपडे धुतात म्हणून 2011 मध्ये त्याची गिनेस बुकात नोंद झाली.

गावाकडे बलुत्याचा आधार विसाव्या शतकात हळूहळू सुटला. नगदी पिके वाढली तसा धान्यातला वाटा आकसला, आणि रोख मजुरीची सवय लागली. 1972 च्या दुष्काळासारख्या वर्षांत नदीच आटल्यावर परटाला गावात करण्यासारखे काही उरले नाही. शहरात आलेल्यांपैकी थोडे घाटावर गेले. बाकीच्यांनी गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून इस्त्री सुरू केली किंवा 'लाँड्री'चे दुकान काढले.

काम कमी झाले, की बदलले?

घरगुती धुण्याचे काम घटण्याची कारणे वादग्रस्त नाहीत. 1959 मध्ये सर्फ आणि 1969 मध्ये निरमा आल्यावर धुण्याची पूड घरोघरी पोचली. त्याच सुमारास टेरिलीन-टेरिकॉटने खळ आणि भट्टी दोन्ही निरुपयोगी केल्या. मग धुलाई यंत्र आले. शहरी मध्यमवर्गीय घराने परटाला धुणे द्यायचे थांबवले आणि इस्त्री तेवढी चालू ठेवली. आज महाराष्ट्रातल्या शहरांत या समाजाचा सर्वांत दिसणारा धंदा इस्त्रीचाच आहे, धुण्याचा नाही.

पुढच्या टप्प्याविषयी मात्र अभ्यासक आणि कार्यकर्ते यांच्यात एकवाक्यता नाही. एक मत असे की हाताने धुण्याचा धंदा संपत चालला आहे आणि घाट हे त्याचे शेवटचे अवशेष आहेत. दुसरे मत असे की घाटांनी गिऱ्हाईक बदलले आहे. घरांच्या जागी रुग्णालये, हॉटेले, केटरर, मंडपवाले आणि तयार कपड्यांचे कारखाने आले आहेत. नवे कपडे दुकानात जाण्याआधी धुण्याचे, जीन्सचा रंग उतरवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर घाटांवर येते. कट्ट्यांच्या मागे पाणी पिळून काढणारी 'हायड्रो' यंत्रे, मोठी धुलाई यंत्रे आणि ड्रायर बसले आहेत. महालक्ष्मीच्या पुलावरून पाहणाऱ्या पर्यटकाला प्राचीन दृश्य दिसते, पण छपरांखालचा कारभार बराचसा यांत्रिक आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. गावातला आणि लहान शहरातला परीट पहिल्या वर्णनात बसतो, महानगरातला घाट दुसऱ्यात.

संस्थांकडून मिळणारे कामही कायमचे नाही. रेल्वेने डब्यांतल्या चादरी-टॉवेलांसाठी स्वतःच्या आणि खासगी भागीदारीतल्या यांत्रिक लाँड्र्या उभ्या केल्या, त्यामुळे कंत्राटावर धुणाऱ्यांचे काम गेले. करोनाकाळात 2020 पासून मार्च 2022 पर्यंत गाड्यांमध्ये चादरी देणेच बंद होते. हॉटेले व लग्नसमारंभ थांबले, आणि घरून काम करणाऱ्यांना इस्त्रीचा सदरा लागेनासा झाला. या काळात किती कुटुंबांनी धंदा कायमचा सोडला याची मोजणी झालेली नाही.

घाटांच्या जागेचा वाद

मोठ्या शहरांतले घाट आता मोक्याच्या जमिनीवर आहेत. महालक्ष्मीच्या आजूबाजूला झोपडपट्टी पुनर्विकासातून उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या आणि कपडे वाळवण्याच्या जागेवरून तंटे झाले. वाळवण ही बाब नियोजनाच्या कागदांत क्षुल्लक दिसते. पण धुण्याला जेवढी जागा लागते त्याच्या कित्येक पट वाळवणाला लागते, आणि सावलीत गेलेला घाट अर्धा निकामी होतो.

या प्रश्नावर तीन भूमिका आहेत. वारसा म्हणून घाट आहे तसा राखावा, ही एक. नगररचनाकार आणि पर्यटन-व्यवसायातील लोक तिचा पुरस्कार करतात, पण तिथे राबणाऱ्यांच्या दृष्टीने ओल्या फरशीवर आणि उघड्या गटाराशेजारी काम करत राहणे हा वारसा नव्हे. दुसरी भूमिका पुनर्विकासाची आहे. बहुमजली इमारतीत यांत्रिक लाँड्री, वर घरे. तिच्याविरुद्ध आक्षेप असा की यंत्राला कमी माणसे लागतात, आणि वीज-देखभालीचा खर्च लहान कट्टेवाल्याला पेलत नाही. तिसरी भूमिका टप्प्याटप्प्याने सुधारणेची आहे. जागा तीच, सांडपाण्यावर प्रक्रिया, सामाईक बॉयलर आणि वाळवणाला छप्पर. या संदर्भात फोर्ट कोचीच्या धोबीखान्याचे उदाहरण दिले जाते. तिथे वण्णार समाजाच्या धुणाऱ्यांसाठी स्थानिक विकास प्राधिकरणाने 1976 मध्ये कट्टे, वाळवणाचे मैदान आणि इस्त्रीची शेड बांधून दिली आणि कारभार समाजाच्या संघटनेकडे राहिला. हा नमुना लहान प्रमाणावर टिकला. मुंबईच्या आकाराला तो लागू पडेल का, हे कोणी करून पाहिलेले नाही.

या तिन्ही भूमिकांत एक गोष्ट सहसा निसटते. कट्ट्याचा परवाना ज्याच्या नावावर आहे, जो तो भाड्याने चालवतो आणि जो त्यावर रोजंदारीने धुतो, ही अनेकदा तीन वेगळी माणसे असतात. पुनर्वसनाची चर्चा बहुतेक वेळा पहिल्याशी होते. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 मधील 'उत्पादन प्रक्रिया' या व्याख्येत धुणे व स्वच्छ करणे यांचा समावेश होता. पण कायदा लागू होण्यासाठी कामगारांची जी किमान संख्या लागे तिच्या खाली प्रत्येक कट्टा राही, म्हणून शेकडो माणसे एकत्र राबत असूनही त्या कायद्याच्या नजरेत तो कारखाना ठरत नसे.

प्रदूषणाचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. नदीकाठी धुण्यास मनाई करण्याकडे नगरपालिकांचा कल वाढला आहे. डिटर्जंट, ब्लीच आणि कापडाचा रंग पाण्यात जातो हे खरे. नदीत सोडल्या जाणाऱ्या शहरी मैल्याच्या तुलनेत धुणाऱ्यांचा वाटा किती, याचे उत्तर शहरागणिक वेगळे येईल. मनाईचा निर्णय ती मोजणी करून घेतला जातोच असे नाही.

कारागीर की सेवा-व्यावसायिक?

सरकारी योजनांत परटाची गणना दोन प्रकारे होते. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसायांत धोबी आहे. तीत विद्यावेतनासह प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपये, आणि 5 टक्के व्याजाने, तारणाविना आधी 1 लाख व नंतर 2 लाख रुपयांचे कर्ज अशी तरतूद आहे. दुसरीकडे पथविक्रेता अधिनियम, 2014 मध्ये रस्त्यावर सेवा देणाराही पथविक्रेता मानला गेला आहे, आणि पथविक्रेत्यांना कर्ज देणाऱ्या 2020 च्या स्वनिधी योजनेत लाँड्री सेवेचा उल्लेख आहे. फुटपाथवरच्या इस्त्रीवाल्याला या व्याख्येचा उपयोग कर्जापेक्षा संरक्षणासाठी अधिक आहे, कारण त्याचे टेबल उचलले जाण्याचा धोका रोजचा असतो. सोसायटीच्या आवारात किंवा जिन्याखाली बसणारा मात्र या व्याख्येत येतो की नाही, हे अस्पष्टच आहे.

विश्वकर्मा योजनेवरील मतभेद तत्त्वाचा आहे. समर्थकांच्या मते हस्तकौशल्याला प्रथमच भांडवल आणि ओळखपत्र मिळाले. टीकाकारांच्या मते पिढीजात व्यवसायालाच कर्ज देणे म्हणजे मुलाला बापाच्या कामाशी बांधणे होय. ही टीका डॉ. आंबेडकरांच्या जातिविचाराशी नाते सांगते. तमिळनाडू सरकारने याच कारणाने 2024 मध्ये योजना आहे त्या रूपात राबवण्यास नकार दिला आणि कुटुंबाच्या परंपरेची अट नसलेली स्वतःची योजना आणली. आणखी वेगळा मार्ग तेलंगणाने 2021 मध्ये घेतला. लाँड्री, धोबीघाट आणि केशकर्तनालयांना दरमहा 250 युनिटपर्यंत मोफत वीज. इस्त्रीवाल्याचा सर्वांत मोठा चालू खर्च इंधनाचा असल्याने ही मदत थेट पोचते, हे तिचे बळ. राज्याच्या वीज कंपन्यांवरचा भार ही तिची मर्यादा. महाराष्ट्रातील समाजसंघटना लाँड्रीला घरगुती किंवा सवलतीच्या दराने वीज द्यावी अशी मागणी करत आल्या आहेत. कोळशाकडून गॅसच्या इस्त्रीकडे वळणे मात्र योजनेची वाट न पाहता, इस्त्रीवाल्यांच्या स्वतःच्या खर्चाने झाले.

भांडवली साखळ्या आणि मोबाइलवरून कपडे उचलणाऱ्या सेवा हा या चर्चेतला नवा घटक आहे. त्या यंत्रे, वजनावर दर आणि गणवेशातला पोऱ्या घेऊन येतात. त्यांच्याकडे काम करणाऱ्यांत परीट किती, हे कळायला मार्ग नाही. काही ठिकाणी या सेवांचे कपडे शेवटी जुन्याच इस्त्रीवाल्याकडे, कमी दराने, पोचतात.

अनुसूचित जातींचा दर्जा

राजकीयदृष्ट्या सर्वांत मोठा आणि सर्वांत जुना वाद हा आहे. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल, ओडिशा, आसाम आणि दिल्ली येथे धोबी अनुसूचित जातींत आहेत. महाराष्ट्रात परीट, धोबी आणि तेलगू मडेलवार हे इतर मागासवर्गीयांत आहेत. गोवा, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तेलंगणातही स्थिती मागासवर्गाचीच. मध्य प्रदेशात धोबी भोपाळ, रायसेन आणि सिहोर या तीनच जिल्ह्यांत अनुसूचित जातीचे आहेत. हा जुन्या भोपाळ संस्थानाचा मुलूख. संस्थान संपले तरी त्याची सीमा जातीच्या यादीत उरली आहे.

महाराष्ट्रातील मागणीचा मुख्य आधार असाच भूगोलाचा आहे. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील भंडारा व बुलढाणा जिल्ह्यांत धोबी अनुसूचित जातींत गणले जात आणि राज्यपुनर्रचनेच्या घडामोडीत ती नोंद गळाली, असे समाजसंघटनांचे म्हणणे आहे. या मागणीच्या अभ्यासासाठी राज्य सरकारने 2001 मध्ये डॉ. दशरथ भांडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल मागणीला अनुकूल होता, आणि त्यानंतरची सर्व आंदोलने 'भांडे समितीच्या शिफारशी लागू करा' या एका वाक्यावर उभी आहेत.

मागणीच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात. पहिला, एकाच व्यवसायाचा समाज एका राज्यात अनुसूचित आणि शेजारच्या राज्यात इतर मागास असणे विसंगत आहे. दुसरा, विटाळाचे कपडे हाताळण्यामुळे समाजाच्या वाट्याला अस्पृश्यतेसारखीच वागणूक आली. तिसरा व्यावहारिक आहे. इतर मागासवर्गाच्या मोठ्या यादीत संख्येने लहान आणि जमीन नसलेल्या बलुतेदार जातींना नोकरी व राजकारणात वाटाच मिळत नाही.

प्रतिवाद असे आहेत. अनुच्छेद 341 नुसार यादी राज्यनिहाय असते, त्यामुळे राज्याराज्यांतला फरक ही घटनेची विसंगती ठरत नाही. लोकुर समितीने (1965) परंपरागत अस्पृश्यतेतून आलेले टोकाचे मागासलेपण ही कसोटी धरली, आणि मराठी गावगाड्यात परटाचे घर गावकुसाच्या आत होते. 1931 च्या जनगणनेच्या वेळी जनगणना आयुक्त हटन यांनी अस्पृश्यता ओळखण्यासाठी काही प्रश्न मांडले होते. सवर्णांचे काम करणारे न्हावी-पाणके त्या जातीचे काम करतात का, हा त्यांतला एक. स्वतः गावाची सेवा करणाऱ्या आणि काहींना ती नाकारणाऱ्या परटाला ही कसोटी लावताना अडचण येते. सध्याच्या अनुसूचित जातींतील संघटनांची हरकत वेगळी आहे. राज्यातील 13 टक्के आरक्षणात नवा समाज आला आणि टक्केवारी वाढली नाही, तर वाटा कोणाचा जाणार?

हा वाद न्यायालयात सुटण्यासारखा नाही. यादीत बदल करण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे, आणि महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद (2000) या, अनुसूचित जमातींच्या यादीविषयीच्या हलबा-कोष्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यादी आहे तशीच वाचावी, असे स्पष्ट केले. प्रशासकीय वाटही लांब आहे. राज्याचा प्रस्ताव, भारताचे महानिबंधक आणि राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग या दोघांची अनुकूल मते, केंद्रीय मंत्रिमंडळ आणि मग विधेयक. यांपैकी कुठेही प्रस्ताव अडू शकतो. 1976 च्या दुरुस्ती कायद्याने राज्यांतर्गत क्षेत्रबंधने बरीचशी उठवली. भंडारा-बुलढाण्याची नोंद तोवर टिकली असती तर ती सर्व महाराष्ट्रभर लागू झाली असती, असा तर्क करता येतो. पण मध्य प्रदेशातील तीन जिल्ह्यांची मर्यादा आजही कायम आहे, त्यामुळे तो तर्क निर्विवाद म्हणता येत नाही.

मधली वाट म्हणून इतर मागासवर्गाच्या उपवर्गीकरणाकडे पाहिले जाते. बलुतेदारांना वेगळा वाटा मिळाल्यास अनुसूचित जातींच्या यादीला हात न लावता लहान जातींची तक्रार दूर होईल, असे तिचे समर्थक म्हणतात. न्या. जी. रोहिणी आयोग याच विषयासाठी 2017 मध्ये नेमला गेला. त्याने जुलै 2023 मध्ये अहवाल दिला, पण तो जाहीर झालेला नाही. परीट समाजातील आंदोलकांना हा पर्याय अपुरा वाटतो. शिष्यवृत्ती, वसतिगृहे, अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आणि राखीव मतदारसंघ यांतले काहीच उपवर्गीकरणातून मिळत नाही.

गाडगेबाबांचे स्थान या वादात नाजूक आहे. संघटनांचे मेळावे त्यांच्या नावाने होतात. बाबांनी स्वतः जातीची ओळख कधी मिरवली नाही, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. हक्कांच्या मागणीला त्यांचे नाव शोभते असे एक पक्ष म्हणतो, जातसंघटनेला ते शोभत नाही असे दुसरा.

आकड्यांची उणीव

वरील प्रत्येक वादाला संख्येची गरज आहे आणि ती उपलब्ध नाही. सर्व जातींची मोजणी 1931 नंतर झाली नाही. 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतील जातीची माहिती प्रसिद्ध झाली नाही. राष्ट्रीय उद्योग वर्गीकरणात कपडे धुणे व ड्रायक्लीनिंग यांना 9601 हा एकच संकेतांक आहे. त्यात घाटावरचा मजूर, इस्त्रीवाला आणि वातानुकूलित दुकानाचा मालक एकत्र येतात. श्रमबल पाहणीत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास आणि उर्वरित एवढेच सामाजिक गट असतात. त्यामुळे आज परटांपैकी किती जण धुण्या-इस्त्रीवर जगतात, आणि धुण्या-इस्त्रीवर जगणाऱ्यांत परीट किती, या दोन्ही प्रश्नांना उत्तर नाही. बिहारच्या 2023 च्या जातपाहणीत धोबी लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी निघाले. महाराष्ट्रात अशी पाहणी झालेली नाही.

1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख असलेल्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे. तिच्यातून मिळणारी माहिती कितपत वापरण्याजोगी असेल हे दोन तांत्रिक निर्णयांवर ठरेल. परीट, वरठी, धोबी, रजक, मडेलवार या नोंदी एकत्र धरल्या जातात की सुट्या, हा पहिला. जात आणि व्यवसाय यांची एकत्र कोष्टके प्रसिद्ध होतात की नाही, हा दुसरा. ती झाली तर धंद्याविषयीच्या दोन्ही मतांची आणि लहान जातींना वाटा मिळत नाही या तक्रारीची तपासणी होऊ शकेल. गावगाड्यातील अस्पृश्यतेचा प्रश्न मात्र जनगणनेच्या कक्षेबाहेरचा आहे. त्यासाठी भंडारा-बुलढाण्याच्या जुन्या नोंदी, गावोगावचे बलुत्याचे कागद आणि हयात असलेल्या परटिणींच्या आठवणी हीच साधने आहेत.